जरा दमानं

सायकलच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यात अवघड दिवस सोप्या राईडचा. चढावर जीव काढायचा म्हटलं तर काढता येतो. त्याला ईर्षा लागते आणि तिची आपल्याकडे टंचाई नाही. पण शंभर मैलांच्या राईडची तयारी करायची तर मधूनमधून नुसतं आरामात चालवावं लागतं. तास-दोन तास चालवा, पण दम लागू देऊ नका, नाडी कमाल ठोक्यांच्या ६०-७० टक्क्यांत ठेवा. हातात घड्याळ नसेल तर सोपी परीक्षा अशी, की शेजारच्याशी सलग वाक्यांत बोलता आलं पाहिजे. शेजारी कोणी नसलं की मी सतराचा पाढा म्हणतो. 'सतरा चोक' आणि 'अडुसष्ट' यांच्यामध्ये श्वास घ्यावा लागला की गिअर उतरवायचा.

अशा राईडला व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन ट्रेलसारखी जागा नाही. आमच्याकडे सगळे त्याला 'डब्ल्यू अँड ओ डी' म्हणतात. लांबी ४५ मैल, रुंदी जेमतेम १०० फूट. कागदोपत्री हे एक पार्क आहे, फक्त कोणीतरी ओढून ओढून लांब केलेलं. पूर्वी इथून रेल्वे धावायची. १८६० मध्ये गाडी लीसबर्गला पोचली, १८७४ मध्ये पर्सेलव्हिलला. पुढे ब्लू रिज डोंगर ओलांडून पलीकडचा कोळसा आणायचा बेत होता. तो डोंगर काही ओलांडला गेला नाही. १९०० मध्ये रूळ पायथ्याच्या ब्लूमाँटपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. १९६८ मध्ये उरलीसुरली मालगाडीही बंद झाली. जमीन वीज कंपनीकडे गेली, म्हणून आजही डोक्यावरून उच्चदाबाच्या तारा जातात आणि दमट हवेत त्या चक्क गुणगुणतात. मग एकेक तुकडा डांबरी होत १९८८ मध्ये ट्रेल पर्सेलव्हिलला टेकला.

मी ॲशबर्नहून पश्चिमेला निघतो. सुरुवातीला देखणं काही नाही. दोन्हीकडे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या प्रचंड भिंती. इंटरनेटचा मोठा पसारा या एका गावात आहे, त्यामुळे आपण पाठवलेलं 'सुप्रभात' इथूनच कुठून तरी जात असेल असं मला उगाच वाटत राहतं. त्या भिंती मागे पडल्या की झाडी दाट होते, गूज क्रीकवरचा पूल येतो. मे महिन्यात हनीसकलच्या फुलांचा वास इतका दाटून असतो की नाडीचा आकडा बघायचं भान राहत नाही.

आणि मग मागून आवाज येतो, "ऑन युअर लेफ्ट!" म्हणजे मी डावीकडून पुढे जातोय, तुम्ही आहात तिथेच राहा. सोप्या राईडच्या दिवशी हे सतत ऐकावं लागतं. कुत्र्याची गाडी मागे जोडलेल्या बाई पुढे जातात, शाळकरी पोरं जातात, एकदा तर रोलर स्केट्सवाले आजोबा गेले. पाय शिवशिवतात. सतरा पाचे पंच्याऐंशी.

मी स्वतः ही हाळी देतो तेव्हा वेगळीच गंमत होते. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आपल्याकडचे आई-बाबा संध्याकाळी या ट्रेलवर फिरायला येतात. जन्मभर डाव्या बाजूने चाललेली माणसं. 'लेफ्ट' ऐकलं की तत्परतेने डावीकडेच सरकतात, म्हणजे थेट माझ्या चाकापुढे. परवा असंच झालं आणि पाठोपाठ काकूंचा आवाज आला, "अहो, इकडे या, सायकल आलीय!" मी ब्रेक दाबून म्हटलं, "राहू द्या काका, मीच थांबतो."

मग काय, गप्पा. काका रेल्वेतून निवृत्त, मुक्काम पुण्याला. ट्रेलचा इतिहास त्यांना सांगायची गरजच नव्हती. दोन्ही बाजूंच्या मातीच्या भिंतींकडे हात करून ते म्हणाले, "हे कटिंग बघा. पुढे बँक लागते, मातीचा भराव. रूळ काढलेत, पण खालचं फॉर्मेशन अजून चांगलं आहे." आणि मग अस्सल रेल्वेवाल्याचा प्रश्न, "इथे ग्रेडियंट काय?"

मला आकडा माहीत नव्हता, पण प्रश्न नेमका होता. लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज पळतं खरं, पण जरा चढ आला की घसरायला लागतं. त्यामुळे रेल्वे बांधणारे चढ टाळायला काय वाट्टेल ते करतात. टेकडी असेल तर कापतात, खोलगट असेल तर भरतात, तेही नाही जमलं तर लांबचा वळसा. काकांनी बोरघाट काढला. खंडाळ्याचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. "रस्त्यावर हा चढ तुमच्या लक्षातही येणार नाही. इंजिनाला विचारा!" काकू म्हणाल्या, "चला आता, त्यांना जाऊ द्या."

लीसबर्ग सोडल्यावर काकांचं म्हणणं पायांना कळतं. पुढे क्लार्क्स गॅपच्या दगडी कमानीपर्यंत चढच चढ आहे, आणि तो दिसत नाही. डोळ्यांना रस्ता सपाट, गिअर तोच, वाराही नाही, पण वेग घसरत जातो. नवख्याला वाटतं टायरमधली हवा गेली. मी लोकांना उतरून टायर चेपून बघताना पाहिलंय. उभ्या चढाशी निदान भांडता येतं. इथे भांडायला समोर कोणी नसतं. जोर लावला की नाडी वर, म्हणजे राईड बाद. लावला नाही तर चालणारा माणूसही सोबत येईल इतकी संथ गती. मालगाडीचं इंजिन करायचं तेच करावं लागतं, हलका गिअर टाकून त्याच लयीत ओढत राहायचं.

माझ्या मते या ट्रेलचा सगळ्यात चांगला तुकडा हाच. लोक फोटो काढतात ते हर्नडनच्या जुन्या स्टेशनाचे आणि तिथल्या रेल्वेच्या लाल डब्याचे. काढोत बापडे.

पर्सेलव्हिलला जुनं स्टेशन नीट राखलंय. तिथे बाकावर बसून मी केळं आणि दोन-चार भाकरवड्या खातो. ट्रेनिंगच्या कुठल्याच तक्त्यात भाकरवडी नाही, तरी ती खिशात चुरा न होता टिकते आणि तिखटागोडाने तरतरी येते. मग परत फिरायचं. येताना जो चढ दिसतच नव्हता तो आता कमानीपासून लीसबर्गपर्यंत उतार होऊन आयता मिळतो, आणि पायडल न मारता पळणाऱ्या चाकाची टिकटिक ऐकत मी खाली येतो.

घरी आल्यावर मात्र या सगळ्याला व्यायाम म्हणायला कोणी तयार नसतं. बायको टी-शर्टकडे बघते आणि म्हणते, "घाम तर आलेला दिसत नाही. मग भाजी आणायला जाशील?"