रेडिओला प्रेक्षक कशाला?

अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवरचे स्टेज-शो मी ऐकतो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘ऐकणाऱ्याला दिसत तर काहीच नाही, मग थिएटरात माणसं बसवून रेडिओ करायचा खटाटोप कशाला? स्टुडिओत बसून बोलले तर नाही का चालणार?’ आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

हे शो म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. ओरेगनमधल्या पोर्टलंडचा ‘लाइव्ह वायर’ घ्या. २००४ पासून चालू आहे, सध्या ल्यूक बर्बँक सूत्रसंचालन करतात. एकाच तासात एखादी कादंबरीकार, एखादा विनोदवीर, एखादा बँड. त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. मला हेच आवडतं. ज्या लेखिकेचं नावही ऐकलेलं नसतं तिची मुलाखत आपण गाण्याची वाट बघत ऐकतो, आणि गाणं सुरू झालं तरी डोक्यात तीच घोळत राहते.

तर प्रेक्षक. समोर माणसं लागतातच, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच एकाला कळली होती. एड विन हा रंगभूमीवरचा गाजलेला विनोदी नट. १९२२ मध्ये नेवार्कच्या डब्ल्यूजेझेड केंद्रावरून त्याने आपला ‘द परफेक्ट फूल’ हा खेळ सादर केला. विनोद केला, तर समोर चिडीचूप. माइक काही हसत नाही. गडी इतका गडबडला, की शेवटी केंद्रात जी माणसं हाताशी सापडली ती स्टुडिओत गोळा करून समोर बसवली. ती हसायला लागली तेव्हा कुठे तो सुटला.

यात नटाचा अहंकार कमी आणि धंद्याची गरज जास्त. हशा चढतो, शिगेला पोचतो आणि ओसरायला लागतो. पुढचं वाक्य टाकायचं ते नेमकं त्या उतारावर. लवकर टाकलं तर हशात बुडतं, उशिरा टाकलं तर थंड पडतं. समोर कुणीच नसेल तर हे ठरवायचं कशावरून? २०२० च्या मार्चनंतर थिएटरं बंद झाली आणि हे शो कलाकारांच्या घरांतून व्हायला लागले, तेव्हाचे भाग काढून ऐका. चांगले मुरलेले विनोदवीर आपल्याच विनोदांवरून धावत सुटलेले ऐकू येतात, कुणी पाठीमागे लागल्यासारखे.

पण प्रेक्षक फक्त कलाकाराच्या सोयीसाठी असतात असं नाही. ते आपल्या वतीने बघत असतात. या प्रकारातला सगळ्यांत गाजलेला शो ‘अ प्रेअरी होम कंपॅनिअन’. गॅरिसन कीलर यांनी तो ६ जुलै १९७४ ला मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये, मॅकॅलेस्टर कॉलेजात सुरू केला. पहिल्या दिवशी समोर जेमतेम डझनभर माणसं होती. त्या शोत टॉम कीथ नावाचा आवाज काढणारा माणूस होता. २०११ मध्ये तो वारला. घोडे, दारं, कुत्री, हेलिकॉप्टर, सगळं तो तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर करायचा. रेडिओत बर्फातल्या पावलांसाठी कॉर्नफ्लोअरचं (मक्याच्या स्टार्चचं) खोकं दाबायची जुनी युक्ती आहे. करकर असा आवाज येतो. आता गंमत बघा. घरी बसून आपल्याला बर्फातून चालणारा माणूस ऐकू येतो, आणि त्याच वेळी थिएटरातले लोक खोकं दाबणाऱ्या माणसाकडे बघून हसतात, तेही ऐकू येतं. बर्फ आणि खोकं, दोन्ही एकदम. टीव्हीला हे जमत नाही. तिथे एक दाखवलं की दुसरं मेलंच.

अशाच एका शोच्या रेकॉर्डिंगला मी जाऊन बसलो होतो. मुलाखतीत एका लेखकाला त्याच्या वडिलांबद्दल विचारलं, आणि तो गप्प झाला. बराच वेळ. एवढं भरलेलं थिएटर, पण खुर्चीही करकरली नाही. नंतर प्रसारण ऐकलं तर प्रश्नाच्या पाठोपाठ उत्तर! मधली शांतता संकलकाने छाटून टाकली होती. वेळेचं गणित कडक असतं, कबूल. मधल्या बातम्यांसाठी जागा ठेवून सेकंदासेकंदाचा हिशोब लागतो. पण छाटायचंच होतं तर आधीची टाळ्यांची आतषबाजी होती की.

कारण हे प्रेक्षक कधीकधी वैताग आणतात, हेही खरंच. पाहुण्याने गावाचं नाव घेतलं की टाळ्या. पुस्तकाचं नाव घेतलं की टाळ्या. सुशिक्षित, एकाच मताची मंडळी जमलेली असली की कशालाही हसतात, आणि मग दाद स्वस्त होते.

एक रोकडं कारणही आहे. तिकिटं. सार्वजनिक रेडिओ मुख्यतः श्रोत्यांच्या वर्गणीवर आणि प्रायोजकांवर चालतो. १९६७ च्या कायद्याने सरकारी पैसाही मिळत आला होता, पण जुलै २०२५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचे सुमारे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले. अशा वेळी भरलेल्या खुर्च्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

सुरुवात कुठून करू म्हणाल, तर वेस्ट व्हर्जिनियाच्या ‘माउंटन स्टेज’पासून करा. १९८३ पासून चालू आहे, भर गाण्यांवर. शेवटचं गाणं त्या दिवशीचे सगळे पाहुणे मिळून गातात. पुढचं कडवं कोण उचलणार हे एकमेकांच्या नजरेवर ठरत असणार, आणि ते तुम्हाला दिसणार नाही. पण गाण्याच्या मध्येच प्रेक्षकांत हशा पिकला, तर खुशाल समजा, कुणीतरी दुसऱ्याच्या कडव्यात शिरलंय.