मागच्या गाडीपर्यंत आवाज

रविवार, 17 मे. रात्रीचे 11.

गच्ची दिवसभर तापलेली. नऊ वाजता पाणी मारलं, बाबांची खाट टाकली आणि शेजारी बसून त्यांना ड्राइव्ह-इन सिनेमाची गोष्ट सांगायला लागले. दोन दिवस तेच डोक्यात आहे. बाबा तीस वर्षं टॉकीजमध्ये प्रोजेक्टरचे ऑपरेटर होते. गाडीत बसून सिनेमा पाहायचा म्हटल्यावर दुसऱ्या कोणी त्यात काय मजा, असं विचारलं असतं. बाबांनी विचारलं, "मागच्या गाडीपर्यंत आवाज कसा न्यायचे?"

मला तिथेच भरून आलं. केबिन सुटून इतकी वर्षं झाली, पण माणूस अजून मशीनमागेच उभा आहे.

मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा रिचर्ड हॉलिंग्सहेड. त्यानं घरासमोर गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, झाडांना पडदा ठोकला आणि पडद्यामागे रेडिओ लावला. काचा वर करून ऐकलं, खाली करून ऐकलं. पुढची गाडी मागच्याला आड येते म्हणून चाकांखाली ठोकळे देऊन पाहिले. त्यातूनच उतारांची कल्पना निघाली: गाड्यांच्या ओळी अर्धगोल, प्रत्येक ओळीत पुढची चाकं थोडी वर, म्हणजे नजर पुढच्या टपावरून पडद्यावर जाते. याचं पेटंट त्याला मे 1933 मध्ये मिळालं आणि 6 जूनला कॅम्डेन गावाजवळ पहिला खेळ लागला. गाडीचे 25 सेंट, माणशी 25 सेंट, आणि गाडी कितीही भरलेली असो, एक डॉलरच्या वर घ्यायचे नाहीत.

"अन् आवाज?" बाबांचं तेच.

आवाजासाठी पडद्याजवळ मोठे भोंगे होते. मागच्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं लावले तर आसपासच्या वस्तीची तक्रार. शिवाय चित्र लगेच पोचतं, आवाज रेंगाळतो. सव्वाशे मीटर मागे गाडी असेल तर ओठ हलल्यावर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यानं शब्द येणार.

बाबा उठून बसले. "येणारच नं! गणपतीत आमचं हेच झालं होतं."

ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. नागपुरात महाल भागातल्या एका गल्लीत पडदा बांधला होता. आवाज येत नाही म्हणून मागे बसलेल्या बायका ओरडत होत्या. बाबांनी दुसरा भोंगा मधल्या निंबाला टांगला, तर मधल्या लोकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायला लागलं. एकदा निंबातून, एकदा पडद्याकडून. शेवटी बाबा स्वतः झाडावर चढले, भोंग्याचं तोंड मागे फिरवलं, पुढच्या भोंग्याचा आवाज उतरवला. तोवर रीळ संपत आलं होतं. पडद्याच्या उलट्या बाजूनं पाहणारी पोरं मात्र खूश होती. त्यांना अक्षरं उलटी दिसली तरी चालायचं.

तिकडे यावर खरा उपाय 1940 च्या दशकात आला: प्रत्येक गाडीजवळ खांब, खांबावर छोटा स्पीकर, तो आत घेऊन काचेला अडकवायचा. आवाज ज्याचा त्याच्या गाडीत. कित्येक लोक खेळ संपल्यावर स्पीकर काढायचे विसरून तसेच निघायचे आणि वायर तुटायची. बाबा म्हणाले, "म्हणजे ऑपरेटरचं काम वाढलं."

हॉलिंग्सहेडचं ते पहिलं थिएटर मात्र तीनच वर्षं चाललं. चित्रपट महाग मिळायचे, तेही जुने. 1949 मध्ये कोर्टानं त्याचं पेटंटही रद्द ठरवलं. मग मात्र कोणीही बांधायला मोकळं झालं आणि 1958 पर्यंत अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन उभी राहिली. ज्यानं ठोकळे लावून उतार मोजले त्याच्या हाती त्यातलं फार काही लागलं नाही, याचं मला वाईट वाटतं. पुढे टीव्ही आला, जमिनी महागल्या. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायला लागले, म्हणजे अंधार आणखी उशिरा पडणार. लेकरं घेऊन येणाऱ्यांनी किती वाट पाहायची?

आपल्याकडे अहमदाबादला 1973 मध्ये झालं, 665 गाड्यांचं. तिथल्या रस्त्याला आजही ड्राइव्ह-इन रोड म्हणतात. बाबांना हे पटकन पटलं. आपणही ऑटोवाल्याला टॉकीजच्या नावानं व्हरायटी चौक, पंचशील चौक असंच सांगतो नं.

त्यांच्या टॉकीजचं नाव मी काढलं नाही. त्या जागी आता पार्किंग आहे. एकदा त्यांना तिकडून नेलं होतं, तेव्हा गेट कुठे होतं ते शोधत राहिले. पुन्हा नेलं नाही.

झोपले असतील असं वाटलं, तेवढ्यात विचारलं, "अन् पाऊस आला तर? त्यानं पाहून ठेवलं होतं का?"

ठेवलं होतं. बागेला पाणी मारायचा फवारा गाडीवर सोडून आत बसून पाहिला होता.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे पाऊस आला की आधी मशीन झाकायची. ताडपत्री मशीनवर, मी बाहेर. लोक उठत नव्हते ना, छत्र्या उघडून बसायचे. मग मी काहून बंद करू?"

आणि कूलरमध्ये पाणी आहे का बघायला खाली गेले.