पडवीच्या पत्र्यातले हट्टी खिळे

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर पडवीचे पत्रे बदलायचं ठरवलं, तेव्हा नवे पत्रे बसवणं हेच मोठं काम वाटत होतं. प्रत्यक्षात नवे पत्रे दीड दिवसात बसले. जुने काढायला चार दिवस लागले, आणि ते चारही दिवस खिळ्यांनी खाल्ले.

आमचं घर जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात. पुढचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, मागची पडवी पत्र्याची. पत्रे वडिलांनी टाकलेले, छत्रीच्या, म्हणजे छत्रीसारख्या रुंद टोपीच्या खिळ्यांनी ठोकलेले. नऊपैकी पाच पत्रे अजून चांगले होते. ते बैलांच्या गव्हाणीवर टाकायचे होते, म्हणून फाडून काढून चालणार नव्हतं.

मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 वर जातो. दहा वाजले की पत्र्यावर हात टेकवत नाही. म्हणून काम सकाळी साडेपाच ते नऊ, आणि मग ऊन उतरल्यावर. शेजारच्या काकूंचे बिबडे (ज्वारीचे पापड) लागूनच असलेल्या धाब्यावर वाळत असायचे, त्यामुळे गंजाची धूळ उडणार नाही याचीही काळजी.

पहिल्या सकाळी मी कटावणी सरळ खिळ्याच्या टोपीखाली घातली आणि जोर लावला. टोपी तुटून उडाली, पत्र्याला बोटभर चीर पडली आणि खिळ्याचं खोड लाकडात तसंच राहिलं. नऊ वाजेपर्यंत अशा अकरा टोप्या तुटल्या. मनगट सुजलं ते वेगळंच. मला खूप वाईट वाटलं, कारण त्यातला एक पत्रा अगदी चांगला होता.

संध्याकाळी गल्लीतले सुतार आबा आले. त्यांनी कटावणी बाजूला ठेवली, हातोडी घेतली आणि म्हणाले, “पहिले त्याले मझार ठोक, मंग तो बाहेर यी.” काढायचा खिळा आत कशाला ठोकायचा, हे मला कळेना. त्यांनी टोपीवर एकच नेमका घाव घातला. कर्र आवाज झाला, खिळा जेमतेम केसभर खाली गेला आणि टोपीभोवती तांबड्या भुग्याचं बारीक कडं पडलं. मग कटावणीखाली लाकडाची ठोकळी ठेवून त्यांनी हळूच दाब दिला. खिळा अख्खा बाहेर आला.

लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून खिळा लाकडात पाचर मारल्यासारखा आवळून बसतो. आतल्या बाजूच्या घावाने ती पकड सुटते. ठोकळीमुळे जोर पत्र्यावर एकाच जागी न येता सगळीकडे वाटला जातो. एवढं समजल्यावर माझे हात निवांत चालायला लागले.

जे खिळे तरीही हलत नव्हते, त्यांच्या मुळाशी रात्री डिझेलचे दोन-दोन थेंब सोडले. रॉकेल आता सहज मिळत नाही. कानाच्या औषधाची रिकामी बाटली यासाठी फार कामाची ठरली. ग्राइंडर मात्र मी चालवू दिला नाही. पडवीत पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळक्या काड्यांची) रास होती, वर डिझेलचा वास, आणि एक ठिणगी पुरते. टोपी तुटलेले खिळे जंबुराने धरून आधी थोडे उजवीकडे-डावीकडे फिरवले, मग ओढले. जिथे तेही जमलं नाही तिथे पत्रा आणि लाकूड यांच्या फटीतून करवतीचं पातं घालून खोड कापलं. पात्याच्या एका टोकाला फडकं गुंडाळलं होतं. तेरा-चौदा खोडं लाकडातच राहिली. ती ठोकून आत दाबली, वर नवा पत्रा आला.

एक गोष्ट बघून मी थांबलोच. पडवीची आडवी लाकडं बाभळीची, पण दोन लाकडं जुन्या दरवाजाच्या सागाची होती. बाभळीतून निघालेले खिळे मधल्या भागात सुईसारखे बारीक झालेले, भोवतालचं लाकूड शाईसारखं काळं. बाभळीच्या तुरटपणातलं टॅनिन आणि लोखंड भेटले की असा काळा डाग पडतो. सागातले खिळे मात्र जाड, कुठे कुठे चकचकीत. सागाच्या तेलकटपणाने ते टिकले, असं आबांचं म्हणणं, आणि हातातले दोन खिळे बघून मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या तळपायात खिळा गेला. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. त्यानंतर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधून मी अख्खं अंगण दोनदा फिरलो. अठ्ठावीस खिळे आणि कितीतरी तुकडे निघाले. बैल त्याच वाटेने येतात, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा फिरवलं.

नवे पत्रे रबरी वॉशरच्या स्क्रूने बसवले, आणि प्रत्येक स्क्रू नळीच्या उंचवट्यावर घेतला. जुने काही खिळे पन्हाळीत, म्हणजे पाणी वाहतं तिथेच होते. पडवी गळत होती ती त्याच भोकांतून. स्क्रू आवळताना वॉशर किंचित दबला की थांबायचो, कारण जास्त आवळला की रबर बाहेर फुगून फाटतं.

मृगाच्या पहिल्या वावधनात (वादळी वाऱ्यात) रात्री उठून मी बॅटरी घेऊन पडवीत उभा राहिलो. पत्रा थरथरला, पण एकही स्क्रू हलला नाही. फक्त गव्हाणीवरच्या जुन्या पत्र्याच्या त्या बोटभर चिरेतून थेंब पडत होते. सकाळी तिथे डांबरी पट्टी लावली.