बांधावरून तीन दिवस

१५ ऑक्टोबर, ला शारिते-सुर-ल्वार

आज फार लिहिण्यासारखे नाही, कारण दुपारी फ्रान्समधल्या ल्योंहून गाडीने नव्हेरला उतरले तोवर दोन वाजून गेले होते आणि अंधाराआधी सायकलवर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर झाले. पहिले दहा किलोमीटर तर चुकीच्या हवेवर गेले. शहरातल्या डांबरी रस्त्याच्या सवयीने चाकांत पन्नास पीएसआय भरून निघाले होते. मुरमाच्या वाटेवर लागताच सायकल अशी खडखडू लागली की मनगटांना मुंग्या आल्या. चाळीस मिलिमीटर रुंदीच्या टायरला एवढी हवा म्हणजे ग्रॅव्हल बाइक, खडी-मुरमाच्या वाटांसाठीची सायकल, घेऊन तिचा उपयोगच न करणे. थांबून हवा बत्तिसाच्या आसपास आणली, आणि तीच वाट एकदम पायाखालची वाटू लागली.

आलिए आणि ल्वार यांच्या संगमावर अर्धा तास बसले. माझे आजोळ सांगलीजवळ, त्यामुळे संगम म्हटला की मला कृष्णा-वारणेचे हरिपूर आठवते. इथे घाट नाही, देऊळ नाही. वाळूचे लांबच लांब पट्टे, त्यांवर वाळलेली झुडपे आणि दोन्ही बाजूंनी कसलाही आवाज न करता येणारे पाणी. आलिएचे पाणी ल्वारच्या जवळपास तोडीस तोड असते, तरी खाली वाहते ते नाव ल्वारचेच, आणि फ्रान्समधील सर्वांत लांब नदीचा मान, हजारांहून थोडे अधिक किलोमीटरांचा, तिलाच मिळतो. धाकटीने मुकाट्याने थोरलीच्या घरात राहावे, तसे काहीसे हे आहे.

१६ ऑक्टोबर, ब्रिआर

सकाळी दाट धुके होते. पुलावरून डाव्या तीरावर आले तेव्हा मागे वळून पाहिले, तर मठाचा मनोरा तेवढा दिसत होता आणि गाव नाहीसे झाले होते. ल्वारच्या काठाने अटलांटिकपर्यंत जाणारा सुमारे नऊशे किलोमीटरांचा सायकलमार्ग आखलेला आहे व तो उत्तम आहे. मात्र त्याचा बराच भाग गुळगुळीत असल्यामुळे मी जमेल तिथे तो सोडून शेतांच्या आणि कालव्याच्या वाटा धरते. हट्टच म्हणायचा, पण या हट्टाने एक गोष्ट शिकवली. डांबरावर नजर समोर असते. मुरमावर ती पुढच्या चाकाच्या आठ-दहा फूट पुढे जमिनीवर खिळते आणि मग जमीन वाचता येऊ लागते. खाणीतली फोडलेली खडी कोनदार असते, एकमेकींत अडकून बसते, तिच्यावर चाक विश्वासाने जाते. नदीतला गोटा गोल असतो, तो टायरखालून निसटतो आणि वळणावर पुढचा ब्रेक दाबला तर सायकलही निसटते. दुपारपर्यंत न पाहता, नुसत्या हँडलच्या थरथरीवरून मला सांगता येत होते की ही वाट खाणीवर वाढली आहे की नदीवर.

या पट्ट्यात माणूस दिसत नाही म्हटले तरी चालेल. मक्याची वाळलेली ताटे, कापणी होऊन काळी पडलेली सूर्यफुलाची शेते, पांढऱ्या शारोले गायी, पिवळे पडू लागलेले पॉप्लर. एका वाडीबाहेर अक्रोडाच्या झाडाखाली रस्ताभर अक्रोड पडले होते आणि चाकाखाली ते टणटण उडत होते. चार खिशात घातले. कोणाचे झाड ते विचारायला कोणी नव्हते, ही सबब.

साडेअकराच्या सुमारास मागच्या चाकातून फस्स आवाज आला. टायर ट्यूबलेस आहे, आत पातळ द्रव असतो व तो बारीक छिद्र आपले आपण बुजवतो. पण हा काटा खिळ्याएवढा होता आणि पांढरा फेस मांडीपर्यंत उडाला. आपल्याकडे रस्त्याकडेचा पंक्चरवाला मोटारसायकलीच्या टायरमध्ये रबरी स्ट्रिप खुपसतो, तीच विद्या छोट्या आकारात मी बरोबर ठेवते. स्ट्रिप बसली, हवा भरली, पण हात, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या या तिघांनाही पाण्याची गरज होती, आणि गावात दुकान म्हणून जे होते ते बंद होते.

फ्रान्सच्या खेड्यातून सायकल चालवणाऱ्याला लवकरच कळते की पाणी हवे असेल तर दफनभूमी शोधावी. थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतोच. इथला नळ भिंतीलगत होता, शेजारी आकड्यांना हिरव्या झाऱ्या ओळीने टांगलेल्या, प्रत्येकीचा दांडा हाताळून पांढुरका झालेला. सत्तरीच्या एक बाई गुडघ्याखाली पोत्याची घडी घेऊन एक थडगे ब्रशने घासत होत्या. एक नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो आणि त्याच्या आसपास लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात, म्हणून ही आधीची साफसफाई. आमचा पितृपक्ष सरून फार दिवस झाले नव्हते. त्या घासण्याकडे पाहून मला आजीचे केळीचे पान धुऊन, पुसून, पुन्हा धुणे आठवले. मी परवानगी विचारली. बाईंनी माझ्या फेसाळलेल्या पायाकडे पाहिले, नळाकडे हात केला आणि म्हणाल्या, “मादाम, तुमचा दोष नाही, कुंपणे छाटताहेत.” उन्हाळा संपला की ट्रॅक्टरला लावलेल्या यंत्राने शेतांची काटेरी कुंपणे छाटतात आणि काट्यांचा चुरा नेमका वाटेवर पडतो, हे त्यांनी ज्या शांतपणे सांगितले, त्यावरून माझ्याआधीही कोणी सायकलवाला त्या नळावर पाय धुऊन गेला असावा.

दुपारी धुके विरले आणि सांसेरची टेकडी द्राक्षमळ्यांसह डावीकडे वर आली. मी चढले नाही. सपाटीवर राहायचे हे ठरवून आले होते, आणि खरे सांगायचे तर पाय थकले होते. त्यानंतरची खूण म्हणजे बेलव्हिलच्या अणुवीज केंद्राचे दोन शीतन-मनोरे. सपाट प्रदेशात अंतर कळत नाही. ते मनोरे तासभर तेवढेच दिसत राहिले, त्यांतून निघणारी पांढरी वाफ एका बाजूला कललेली होती आणि ती कोणत्या बाजूला कलली आहे यावरून पुढचा तास कसा जाणार ते मला कळत होते. वारा समोरून होता. घाट चढताना निदान माथा तरी असतो; सपाटीवरच्या समोरच्या वाऱ्याला माथा नसतो.

उरलेली वाट १८३८ मध्ये खुला झालेल्या कालव्याच्या काठाची होती. ल्वार उन्हाळ्यात आटते आणि हिवाळ्यात उसळते, तिच्यावर व्यापाराचा भरवसा ठेवता येत नाही, म्हणून तिच्या शेजारीच ही दुसरी, शहाणी नदी खणली. तरीही एका ठिकाणी होड्यांना खरी नदी ओलांडावीच लागे, आणि पुरात ते जिवावरचे काम होते. त्यावर उपाय म्हणून ब्रिआरला १८९६ मध्ये पाण्याचा पूल झाला: नदीच्या डोक्यावरून जाणारी ६६२ मीटर लांबीची पोलादी पन्हळ, दगडी खांबांवर पेललेली; ते खांब बांधण्याचे काम आयफेलच्या कंपनीचे. संध्याकाळी मी त्याच्या काठच्या अरुंद फरसबंदीवरून सायकल हाताने ढकलत आले. डाव्या हाताला कालव्याचे पाणी काठोकाठ, स्तब्ध, त्यात दिव्याच्या खांबांची प्रतिबिंबे. उजव्या हाताला कठड्यापलीकडे कितीतरी खाली ल्वार, वाळूच्या पट्ट्यांतून वाट काढणारी. दोन पाण्यांच्या मधून चालताना थोडे गरगरल्यासारखे झाले.

१७ ऑक्टोबर, सँ-बनुआ-सुर-ल्वार

आज उजवा तीर. ज्यां या गावी कॉफी घेतली आणि लगेच बांधावर चढले. ल्वारचे हे बांध मध्ययुगापासून उंच होत आले आहेत. वरची वाट दोन बैलगाड्यांच्या रुंदीची आहे; डावीकडे नदी, उजवीकडे तिच्यापासून राखलेली शेते, घरे, आणि पुढे दांपिएरच्या अणुवीज केंद्राचे चार शीतन-मनोरे. एका जुन्या घराच्या भिंतीत पुराच्या पातळीच्या रेघा कोरलेल्या सापडल्या: १८४६, १८५६, १८६६. मी पाच फूट दोन इंच. सर्वांत वरच्या रेघेला हात पोहोचेना. सांगलीला २०१९ नंतर मामाने दाराच्या चौकटीवर रंगाने मारलेली रेघ आठवली. पुढच्या दिवाळीत घर रंगवताना रंगाऱ्याने ती पुसली, तेव्हा मामा त्याच्यावर ओरडला होता.

बांध उंच केले, पात्र आवळले गेले, म्हणून पूर आणखी उंच चढले आणि १८५६ मध्ये ते बांध ठिकठिकाणी फुटले. त्यानंतरच्या दशकांत अभियंत्यांनी उलटा विचार केला: काही जागी बांध मुद्दाम खाली ठेवायचा आणि नदीने फोडण्याआधी आपणच तिला आत घ्यायचे. उझुएजवळ असा एक सांडवा आहे. वाट हलकेच उतरते, काही अंतर फरसबंद उतारावरून जाते आणि पुन्हा चढते. धरणाची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांनाही, चाक खाली गेले नसते तर, ते कळले नसते. सांडव्यामागच्या शेतात नांगरट चालू होती. ही जमीन पुरासाठी राखीव आहे हे शेतकऱ्याला माहीत असणारच, आणि तरी तो सरी सरळ येते का हे मागे वळून वळून पाहत होता.

सांडव्यापुढे वाटेवर पुन्हा गोल गोटे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर या नदीतून वाळू आणि गोटे इतके उपसले गेले की काही ठिकाणी पात्राचा तळ मीटर-दोन मीटर खाली गेला. तळ गेला की पुलांच्या पायांखालची जमीनही जाते; तूर शहरातला अठराव्या शतकातला दगडी पूल ९ एप्रिल १९७८ रोजी कमानीमागून कमान असा कोसळला, त्यामागचे एक मोठे कारण हेच. १९९४ मध्ये फ्रान्सने नदीच्या मुख्य पात्रातून उपसा करण्यावर बंदी घातली. कृष्णेच्या पात्रात रात्री उतरणारे ट्रॅक्टर पाहून वाढलेल्या माणसाला बंदी या शब्दाचे फारसे अप्रूप नसते. पण इथे बांधावरून खाली पाहिले तर वाळू खरोखर जागेवर पडून होती, मैलोन्‌मैल, आणि तिच्यावर बगळ्यांच्या पायांखेरीज ठसा नव्हता. त्या वाळूवर उन्हाळ्यात सुरय पक्षी घरटी करतात. त्या दिवसांत कित्येक बेटांवर माणसांना मज्जाव असतो.

चारच्या सुमारास आभाळातून एक घशातला, कुरकुरता आवाज आला. वर पाहिले तर क्रौंचांचा थवा, वाकडातिकडा बाण करून नैर्ऋत्येकडे चाललेला. मी थांबले नाही, मान वर करून चालवत राहिले आणि त्या पाच सेकंदांत पुढचे चाक गोट्यांत रुतून बांधाच्या गवताळ उतारावर सहा-सात फूट घसरले. गुडघा सोलला, हँडलची टेप फाटली, अक्रोड खिशातून उडाले. तीन सापडले.

इथे मठाच्या घंटा नेमाने वाजत आहेत. ज्यांच्याकडे उतरले त्या बाईंनी सायकल पडवीत घ्यायला सांगितली, मात्र टायर धुऊन. नळाखाली मागचे चाक फिरवताना कालची स्ट्रिप थोडी बाहेर आलेली दिसली. तिच्याभोवती फेसाचे बारीक बुडबुडे येत आहेत. रात्रभर हवा टिकली तर उद्या जेर्मिन्यीचे नवव्या शतकातले छोटे प्रार्थनामंदिर पाहून ओर्लेआँ गाठायचे. नाही टिकली तर दुसरी स्ट्रिप आहे, पण ती शेवटची आहे.