पेपरात न आलेली कादंबरी

नववीत इंग्रजीच्या बाईंनी अवांतर म्हणून एक कादंबरी वाचायला घेतली, तेव्हा मागच्या बाकावरून पहिला प्रश्न आला, "बाई, हे परीक्षेला आहे?" नाही म्हटल्यावर वर्ग निर्धास्त झाला आणि चक्क ऐकू लागला.

ती होती १९६७ सालची, एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स'. १४ वर्षांचा पोनीबॉय, आईवडील अपघातात गेलेले, थोरले दोन भाऊ, आणि गरीब व पैसेवाल्या पोरांच्या दोन टोळ्या. बाई इंग्रजीत वाचायच्या, अडलं की मराठीत सांगायच्या आणि ऐन मारामारीत पुस्तक मिटायच्या. (हे त्या मुद्दाम करत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.)

बाईंचं खरं कसब पुढे दिसलं. लपून राहिलेला पोनीबॉय एका पहाटे त्याच्या मित्राला, जॉनीला, रॉबर्ट फ्रॉस्टची आठ ओळींची कविता म्हणून दाखवतो. बाईंनी ती फळ्यावर लिहिली. मध्यवर्ती कल्पना वगैरे काही विचारलं नाही. "ही कविता जॉनीच्या मनात का घर करून राहिली असेल?" एवढंच. घंटा झाली तरी वाद मिटला नाही. त्यानंतर पाठ्यपुस्तकातली कविता आली की आम्हीच विचारायचो, हे कोण कोणाला म्हणतंय?

'निवेदक' ही व्याख्या आम्ही घोकून पाठ केली होती. ती कळली मात्र बाईंनी एक प्रसंग दुसऱ्या टोळीतल्या मुलाच्या तोंडून लिहायला सांगितला तेव्हा. एरवी वही न देणाऱ्या एकाने पानंच्या पानं भरून आणली आणि पोनीबॉय कसा एकतर्फी सांगतो हे सगळ्यांना पटवून दिलं. लेखक मुलगी आहे, तिने हे शाळेत असतानाच लिहिलं आणि मुलीने लिहिलंय म्हणून समीक्षकांनी नाकं मुरडू नयेत यासाठी नावाची आद्याक्षरंच छापली, हे बाईंनी शेवटच्या पानानंतर सांगितलं. मुलींच्या रांगेत टाळ्या पडल्या.

एका पालकांनी तक्रार केली, की पोरांना गुंडगिरी कसली शिकवता? बाईंनी त्यांच्याच हातात पुस्तक दिलं. ते बरेच दिवस परत आलं नाही.

पुढे बी.एड.ला लुईस रोझेनब्लाट या साहित्यवाचनाच्या अमेरिकी अभ्यासक बाईंचं नाव भेटलं. वाचन ही वाचक आणि संहिता यांच्यातली देवाणघेवाण आहे, असं त्या १९३८पासून मांडत होत्या. माहिती काढायला वाचणं वेगळं आणि अनुभवायला वाचणं वेगळं, हेही त्यांचंच. आमच्या बाईंनी त्यांना वाचलं होतं की नाही, कोण जाणे.

आमच्या त्या शाळेने महोत्सवानिमित्त ग्रंथालयात कुमारवाचकांसाठी कपाट करायचं ठरवलं, तर त्यात माझाही वाटा घ्यावा. एकच विनंती आहे: त्या पुस्तकांवर प्रश्नमंजूषा तेवढी घेऊ नका.