तुम्ही विचारलंत म्हणून: कोणता डीबगर वापरू?

सी किंवा सी++ मध्ये थोडं पुढे गेलेले बरेच जण मला विचारतात, "खिडक्या-बटणांचा, डोळ्यांना दिसेल असा डीबगर (चालता प्रोग्रॅम थांबवून चूक शोधायचं साधन) कोणता चांगला?" नाव सांगतोच, पण तुलना कशावर करायची ते आधी ठरवू.

लिनक्सवरचे बहुतेक ग्राफिकल डीबगर वरून कितीही वेगळे दिसले तरी आत १९८६ पासूनचा जीडीबी हा कमांड टाइप करून चालवायचा डीबगरच काम करत असतो. डीडीडी, केडीबीजी, एक्लिप्स, क्यूटी क्रिएटर, व्हीएस कोड, सगळे सहसा त्याच्याशीच बोलतात. त्यामुळे ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) लावणं, ओळीओळीने पुढे जाणं, कॉल स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी) पाहणं यांवरून निवड करू नका. ते सगळ्यांनाच जमतं. खरा फरक डेटा कसा दिसतो यात आहे.

डीडीडीचंच बघा. १९९०च्या दशकातला, आज फारच जुनाट दिसतो. पण त्यात पॉइंटरवर डबल क्लिक केलं की पुढची नोड चौकटीत उघडते आणि दोघींमध्ये बाण येतो. एकाच पत्त्यावरची वस्तू एकदाच दाखवायची सोय चालू ठेवा आणि लिंक्ड लिस्ट उघडत जा. कुठे गाठ पडली असेल तर बाण मागच्या नोडकडे वळलेला दिसतो आणि लूप का संपत नाही ते तिथेच कळतं. डेटा स्ट्रक्चर्स शिकणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

रोजच्या कामाला मात्र मी क्यूटी क्रिएटर सुचवतो, क्यूटी वापरत नसलात तरी. बाहेर तयार झालेला प्रोग्रॅमही त्यात थेट उघडून तपासता येतो. एसटीडी मॅप (सी++ मधला की-व्हॅल्यू जोड्यांचा साठा) उघडला की लायब्ररीच्या पोटातली झाडाची रचना समोर येत नाही; 'की' (key) आणि व्हॅल्यू नीट जोडीने दिसतात. विंडोजवर असाल तर व्हिज्युअल स्टुडिओ घ्या, फार विचार करू नका.

आता वॉचपॉइंट, म्हणजे एखाद्या व्हेरिएबलची किंमत बदलली की प्रोग्रॅम थांबवणारी खूण. एखादं व्हेरिएबल भलत्याच कुणीतरी बदललं, पण कुणी ते सापडत नाही, अशा वेळी ब्रेकपॉइंट लावत फिरण्यात दिवस जातो. एक्स८६ प्रोसेसरमध्ये यासाठी ४ डीबग रजिस्टर असतात. पत्ता तिथे ठेवला की प्रोग्रॅम जवळपास नेहमीच्या वेगाने धावतो आणि त्या जागी नवी किंमत आली की थांबतो. व्हिज्युअल स्टुडिओत यालाच डेटा ब्रेकपॉइंट म्हणतात. तुमच्या टूलमध्ये हे बटण सापडत नसेल तर त्याच्या कन्सोलमधून जीडीबीला थेट 'वॉच' सांगता येतं का ते पाहा. माझ्या लेखी, ज्यात हे सहज होत नाही ते टूल कितीही देखणं असलं तरी मागे पडतं.

याच्याही पुढची पायरी म्हणजे मोझिलात सुरू झालेलं आरआर (rr) हे टूल. लिनक्सवर चालतं. प्रोग्रॅमची एक धाव रेकॉर्ड होते आणि मग ती हवी तितक्या वेळा, उलटीसुद्धा, चालवता येते. बिघडलेल्या व्हेरिएबलवर वॉच लावायचा आणि मागे जायला सांगायचं. ज्या ओळीने ते शेवटचं बदललं, तिथे जाऊन थांबतं. कधीतरीच दिसणाऱ्या बगसाठी मला याहून चांगलं काही माहीत नाही.

आणि हो, यातलं काहीही घ्या, कंपाइल करताना -जी (-g, डीबगरला लागणारी माहिती जोडणारा पर्याय) द्या आणि ऑप्टिमायझेशन बंद ठेवा. नाहीतर नेमकं हवं ते व्हेरिएबल 'ऑप्टिमाइज्ड आउट' दिसेल, म्हणजे त्याची किंमत पाहताच येणार नाही.