शेजारची शाळा आणि तिचा पट

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मूल शाळेच्या वयाला आलं की शेजारीपाजारी मला गाठतात, "सर, इतकी वर्षं शिकवलंत तुम्ही. आपल्या भागातल्या सरकारी शाळेचा निकाल घसरलाय, पटही कमी होतोय. घालू का मुलाला तिथे?"

मी उलट विचारतो, वर्गात मुलं किती? वीस असतील तर एक मूल म्हणजे 5 टक्के. परीक्षेच्या दिवशी दोघं तापाने फणफणली की निकाल 90 वरून थेट 80 वर. शंभर मुलं असती तर तीच दोघं 2 टक्क्यांत जिरली असती. लहान शाळेचा एका वर्षाचा निकाल मी तरी मनावर घेत नाही.

दुसरं म्हणजे, गुणांत शाळेइतकीच वस्तीही उतरते. अमेरिकेत 1966 साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. सहा लाखांवर मुलं तपासून त्यांनी सांगितलं की शाळाशाळांच्या सोयींतल्या फरकापेक्षा घरच्या परिस्थितीतला फरक गुणांत जास्त दिसतो. यावरून ‘शाळेने काय फरक पडतो’ म्हणणारे भेटले की माझं डोकं फिरतं. चांगल्या शिक्षकाचा फायदा मागे पडलेल्या मुलांना जास्त होतो, हेही त्याच अहवालात आहे. ते कोणी सांगत नाही.

आता पट. वस्तीत मुलं कमी जन्मली, भाडी वाढली, तरुण कुटुंबं लांब राहायला गेली, तरी पट घटतो. त्यात शिक्षकांचा काय दोष? पण एक घट वेगळी असते. माझ्या हजेरीपटावर एका वर्षी, ऐन सत्राच्या मध्यावर, पाच नावांपुढे मी ‘दाखला नेला’ असं लिहिलं. पाचही पटापट हात वर करणारी मुलं, आणि आईवडिलांना दुसरीकडची फी परवडणारी.

हिशेब करून बघा. तीस मुलांची सरासरी 60. त्यातली 75 गुणांची पाच गेली की उरलेल्यांची सरासरी 57. मागे राहिलेल्या एकाचाही अर्धा गुण कमी झालेला नाही, माझं शिकवणंही तेच. तरी पुढच्या वर्षी तो 57 चा आकडा बघून आणखी तिघांनी दाखले नेले, आणि मला ‘सर, काय चाललंय तुमच्या शाळेत?’ हे ऐकावं लागलं.

म्हणून मुख्याध्यापकांना नुसता निकाल विचारू नका. मागच्या वर्षी तिसरीत होती तीच मुलं आज चौथीत कितपत वाचतात, ते विचारा. वर्षाच्या मध्येच किती जणांनी दाखला नेला, तेही विचारा. मग वर्गातल्या कुठल्याही तीन वह्या मागून घ्या. लाल पेनाने पानाखाली नुसती सही मारलीय, की चुकलेल्या शब्दाखाली रेघ ओढून बरोबर शब्द लिहिलाय? आणि मुलाने तो पुन्हा लिहून काढलाय का? दहा मिनिटांचं काम आहे.